आद्य क्रांतिकारक कोण, यापेक्षा त्यांनी काय मागितले

ब्रिटिश सत्तेविरुद्ध महाराष्ट्रात पहिले शस्त्र कोणी उचलले, या प्रश्नाची आपल्याकडे एकाहून अधिक उत्तरे रूढ आहेत आणि ती सारी एकाच वेळी खरी मानली जातात. पुरंदरच्या उमाजी नाईकांना ‘आद्य क्रांतिवीर’ म्हटले जाते, नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या राघोजी भांगरे यांच्या नावाआधी ‘आद्य क्रांतिकारक’ लागते आणि वासुदेव बळवंत फडके तर शालेय अभ्यासक्रमातून याच उपाधीने घरोघरी पोचलेले आहेत. उमाजींना १८३२ मध्ये फाशी झाली, राघोजींना १८४८ मध्ये, आणि फडके १८८३ मध्ये एडनच्या बंदिवासात वारले. कालक्रम लावणे काही अवघड नाही. तरीही वाद मिटत नाही, कारण तो तारखांचा नसून मानाचा आहे. प्रत्येक नावामागे एक समाज उभा आहे, त्या समाजाची संघटना आहे, जयंतीची मिरवणूक आहे आणि आपल्या माणसाला इतिहासात उशिरा जागा मिळाली ही खंतही आहे.

या खंतीत तथ्य आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. रामोशी समाजाची गणना आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत होते. ज्या जमातींना इंग्रजी कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवले आणि ज्यांना स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, त्या शिक्क्यातून मोकळे केले गेले, त्यांची ही यादी आहे. ज्यांच्या आजोबांनी पोलीस पाटलापुढे हजेरी दिली, त्यांनी आपल्या पूर्वजाला ‘राजे’ म्हणावे आणि त्याचा पुतळा चौकात उभारावा, यावर नाक मुरडण्याचा अधिकार इतरांना नाही. माझा आक्षेप पुतळ्याला नाही, मानाचा क्रम लावण्याच्या नादात मागणीचा कागद बाजूला पडतो, याला आहे. या माणसांनी नेमके काय मागितले, कोणत्या कचेरीकडे मागितले, आणि कंपनी सरकारने किंवा नंतरच्या राणीच्या सरकारने त्यांना काय उत्तर दिले, हे पाहिले की परकी सत्ता गावाच्या वेशीपर्यंत कशी पोचली ते उलगडते. आणि ‘स्वातंत्र्यलढ्याचा पहिला अध्याय’ या एका ओळीत हे सारे कोंबले की नेमके तेच हातून निसटते.

पुरंदरपासून सुरुवात करू. किल्ल्याची आणि त्याच्या घेऱ्यातल्या मुलखाची राखण हे रामोशांचे पिढीजात काम होते आणि त्याबद्दल त्यांना जमिनी, गावोगावचे हक्क आणि नेमणुका होत्या. हा व्यवहार दोन्ही बाजूंच्या सोयीचा होता. ज्याला डोंगराच्या वाटा ठाऊक आहेत आणि जो चोरी करू शकतो, त्याच्याकडेच राखण सोपवायची आणि चोरी झाली तर भरपाईही त्याच्याकडूनच घ्यायची, असा तो हिशेब होता. तो मोडण्याची सुरुवात इंग्रजांनी केली नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतच, १८०३ च्या सुमारास, पुरंदरची राखण रामोशांकडून काढून घेतली गेली, ही गोष्ट जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. पण १८१८ नंतर जे झाले ते वेगळ्या प्रकारचे होते. पेशव्याने काढलेले काम उद्या दुसरा पेशवा, किंवा त्याच पेशव्याचा दुसरा कारभारी, परत देऊ शकत होता. रुसवा, मध्यस्थी, दंड आणि पुन्हा सनद, असा तो जुना खेळ होता. कंपनीच्या राज्यात हा खेळच बंद झाला. किल्ल्यांचे लष्करी महत्त्व संपवायचे, तटबंद्या निकामी करायच्या, शिबंदी म्हणजे किल्ल्यावरची राखणीची फौज मोडायची आणि महसुलाचा खर्च कमी करायचा, हे धोरण ठरले. ज्याची राखण नको, त्याला राखणदारही नको. हजारो माणसे एका पिढीत बिनकामाची झाली, आणि ती कुणाच्या रागापायी नव्हे तर काटकसरीपायी झाली.

उमाजींच्या बंडाचा मजकूर या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. १८२७ च्या आसपास त्यांच्या माणसांनी गावोगावच्या पाटलांना सांगितले की शेतसारा सरकारला भरू नका, आम्हाला द्या. १८३१ च्या फेब्रुवारीत त्यांच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्यात इंग्रजांची चाकरी सोडा, शेतसारा देऊ नका, ज्यांची वतने गेली त्यांनी साथ द्यावी म्हणजे ती परत मिळतील, अशा आशयाचा मजकूर आहे. त्यात ‘राष्ट्र’ शोधणाऱ्याला राष्ट्र सापडेल आणि निव्वळ दरोडेखोरी शोधणाऱ्याला दरोडाही सापडेल. मला त्यात सर्वांत ठळक दिसते ते वतन. सत्ता म्हणजे वसुलीचा हक्क आणि त्या वसुलीतून पोसल्या जाणाऱ्या माणसांची साखळी, हे या निरक्षर म्हणवल्या गेलेल्या माणसाला पुण्याच्या कलेक्टरइतकेच स्पष्ट कळले होते. ती साखळी तोडायची असेल तर साऱ्याच्या कडीवर घाव घालावा लागतो, हेही त्याला कळले होते.

सरकारचे उत्तर तर त्याहून बोलके आहे. बंड दडपता येईना तेव्हा १८२८ मध्ये उमाजींना माफी देऊन सरकारने त्यांना चाकरीत घेतले, आणि काम कोणते दिले तर त्याच मुलखाच्या बंदोबस्ताचे. म्हणजे काटकसरीपायी जी राखण मोडली, तीच राखण बंडाच्या धाकाने पुन्हा विकत घेतली; फरक इतकाच की आता ती वतन नव्हती, साहेबाच्या मर्जीची नोकरी होती. ही तडजोड दोन-तीन वर्षेसुद्धा टिकली नाही. १८३१ च्या अखेरीस फितुरीने उमाजी पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात, खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत, त्यांना फाशी देण्यात आली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने पुढल्याच वर्षी रामोशांवर एक सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याला फासावर चढवले त्याच्या जमातीची रीतभात, बोली, देवक आणि चोरीच्या तऱ्हा यांची नोंद करून ठेवायची, ही त्या राज्याची रीत होती. आज उमाजींविषयी आपल्याला जे काही तपशिलाने माहीत आहे, त्यातले बरेचसे याच कागदातून आलेले आहे आणि त्या कागदाची नजर कोणाची होती, हे विसरून चालत नाही.

हाच नमुना खानदेशात दिसतो. सातपुड्याच्या भिल्ल नाईकांकडे घाटवाटांची राखण आणि तिच्या बदल्यात ठरलेली रक्कम होती. ती बंद पडली की लूट सुरू होई आणि लूट वाढली की फौज येई. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभारली आणि भिल्लांच्या विरोधात भिल्ल वापरले, याचे इंग्रजी लेखनात फार कौतुक आहे. कौतुक करताना एक गोष्ट सोयीस्करपणे सुटते. औट्रमने काही नवे शोधले नव्हते. त्याने जुनीच व्यवस्था गणवेश घालून परत आणली होती. १८५७ च्या धामधुमीत सेंधव्याच्या घाटाची सरकारी राखण केलेले खाज्या नाईक उलटले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला लढाई झाली, तेव्हा ‘सरकारचे मीठ खाल्लेला माणूस बेइमान झाला’ असा सूर सरकारी कागदांत लागला. मीठ कोणाचे होते आणि ते कोणी आधी बंद केले, हा प्रश्न त्या कागदांत नाही.

कोल्हापूरच्या गडकऱ्यांचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते फारच सरळ आहे. सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवरचे गडकरी सेवेच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसत होते. राजा अल्पवयीन असताना इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी कारभार नव्या शिस्तीत आणायला घेतला आणि या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली गेल्या. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाचे दरवाजे बंद झाले. त्या वर्षाच्या १ डिसेंबरला पन्हाळा पडला. दरवाजे बंद करून बसलेल्या त्या शिबंदीने दिल्लीच्या तख्ताची भाषा केली नव्हती. आपल्या पोटाची तरतूद एका कागदावरून दुसऱ्या कागदावर परस्पर कशी गेली, एवढेच ती विचारत होती.

या टप्प्यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हे सारे लोक आपापल्या हक्कांसाठी लढले. मग तो परकी राज्याला विरोध कसा? उद्या वतन परत मिळाले असते तर ते निमूट राहिले नसते का? बहुधा राहिले असते. पण या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे, की परकी राज्य म्हणजे कलकत्त्याला बसलेला गव्हर्नर जनरल आणि खरा विरोध म्हणजे त्याला उद्देशून केलेला विरोध. पुरंदरच्या किंवा अकोल्याच्या माणसापर्यंत गव्हर्नर जनरल कधी आलाच नाही. त्याच्यापर्यंत आला तो मामलेदार, मोजणीदार, मुन्सफ आणि कोर्टाचा बेलीफ. ज्या रूपात सत्ता दारात उभी राहिली त्याच रूपाला त्याने विरोध केला, आणि पत्ता बरोबर होता. पुढे शहरांतल्या सुशिक्षितांनी अर्ज-विनंत्यांचे आणि मग स्वराज्याचे राजकारण केले ते याहून व्यापक होते यात शंका नाही. पण व्यापक असणे म्हणजे अधिक अचूक असणे नव्हे.

दुसरी अडचण अधिक टोकदार आहे. हा विरोध सर्वांचा नव्हता, आणि सर्वांचा का नव्हता हे सांगितल्याशिवाय त्याची बाजू घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पेशव्याच्या फौजेसमोर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि पेशवाई गेल्याचे दुःख त्यांनी का करावे, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. जोतीराव फुल्यांनी इंग्रजी राज्यात शूद्रातिशूद्रांना शिक्षणाची फट उघडी झालेली पाहिली आणि तिचे महत्त्व निःसंकोच सांगितले. त्याच फुल्यांनी इंग्रजी अंमलात शेतकऱ्याची कशी नागवणूक होते हेही तितक्याच कडकपणे मांडले. ज्याचे वतन होते त्याला वतन गेल्याचे दुःख झाले. ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची वेठ आली होती, त्याच्या दृष्टीने हिशेब वेगळा होता. मात्र इंग्रजांची कृतज्ञताही बेताचीच निघाली. ज्या महारांच्या बळावर पलटणी लढल्या, त्यांची भरती १८९० च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या नव्या सिद्धांतापायी बंद झाली आणि निवृत्त सैनिकांवर अर्ज लिहीत बसण्याची वेळ आली. गरज सरो, वैद्य मरो, हे धोरण त्या राज्याने जातीभेद न पाळता सर्वांना लागू केले.

राघोजी भांगरे यांच्यापाशी आले की विषयाला नवे वळण मिळते. महादेव कोळी नाईकांचा किल्ल्यांशी आणि घाटवाटांशी असाच जुना संबंध होता, आणि राघोजींचे वडील रामजी हेही आधी सरकारी पोलिसांत जमादार असून मग बंडात गेले. पण १८४४-४५ च्या बंडात शत्रू म्हणून जो उभा राहिला तो मुख्यतः सावकार होता. सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी सरकारी गॅझेटियरमध्ये आहेत आणि त्या वाचताना अंगावर काटा येतो. पुतळ्याच्या चौथऱ्यावर हे कोरले जाणार नाही, पण झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. लक्षात घेण्याजोगे ते हे, की राखणदारीचा हक्क गेल्यानंतर एका पिढीच्या आत डोंगरातला माणूस जमिनीच्या तुकड्यावर आणि म्हणून कर्जावर आला होता. सत्तेचा नवा चेहरा त्याला आता कचेरीत कमी आणि सावकाराच्या वहीत अधिक दिसू लागला.

ती वही आणि ती कचेरी एकमेकांना कशी जोडली गेली, हे समजायला इंदापूरकडे वळावे लागते. १८२८ नंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने इथे जमीनमोजणी करून सारा ठरवला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या पंचावन्न टक्के सरकारने घ्यायचे, असे त्याचे सूत्र होते. इंग्लंडातल्या अर्थशास्त्राच्या वर्गात हे सूत्र शोभून दिसले असते. इंदापूरच्या कोरड्या माळावर त्याने शेते ओस पाडली आणि माणसे निजामाच्या मुलखात निघून गेली. १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तीस वर्षांसाठी नवी, तुलनेने हलकी आकारणी केली आणि शेती पुन्हा सावरली, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. पण सारा रोख, तोही ठरल्या हप्त्याला, पीक येवो न येवो, हे तत्त्व कायम राहिले. हप्त्याची तारीख आणि बाजारात धान्य विकले जाण्याची तारीख यांच्यामध्ये जी फट होती, तिच्यात सावकार बसला.

सावकार काही इंग्रजांनी आणला नाही. तो आधीही होता, पण त्याच्या हाताला वेसण होती. वसुलीसाठी त्याला गावातल्या पंचांपुढे जावे लागे, कुळाला गावातून उठवणे त्याच्या आवाक्यात नव्हते आणि दामदुपटीच्या रिवाजाने व्याज मुद्दलापलीकडे जाऊ शकत नसे. नव्या राज्याने एकेक वेसण सोडवली आणि तेही सुधारणेच्या नावाखाली. १८५५ च्या कायद्याने व्याजदराची मर्यादा उठली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरचा, म्हणजे कर्जाच्या लेखी कबुलीवरचा, दावा तीन वर्षांत लावण्याचे बंधन आले. हेतू असा की जुनी भिजत पडलेली कर्जे कुळाच्या मानगुटीवर राहू नयेत. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि त्या नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दल होऊन बसू लागले. दामदुपटीचा नियम कागदावर तसाच राहिला, पण दर तीन वर्षांनी मुद्दलच फुगत गेल्यावर त्याला अर्थ उरला नाही. वाचता न येणारा कुणबी निशाणी करायचा आणि मुन्सफाच्या कोर्टात त्याच्या निशाणीपलीकडे कोणी पाहात नसे. समन्स घेऊन तालुक्याला जाण्याइतका वेळ आणि वाटखर्च त्याच्याकडे नसल्याने दावे एकतर्फी निकाली निघत, आणि हुकूमनामा हातात आला की जप्ती किंवा अटक, जे सावकाराला सोयीचे ते होई.

त्यात अमेरिकेतले यादवी युद्ध आले. १८६१ ते १८६५ या काळात लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वेच्या कामावर मजुरीही मिळू लागली आणि सावकारांनी मागेल त्याला पैसा दिला. ही तेजी चालू असताना किंवा तिची ऊब अजून असताना तीस वर्षांची मुदत संपली आणि इंदापुरात नवी आकारणी आली, अर्थातच वाढीव. मग युद्ध थांबले, भाव कोसळले, रेल्वे बांधून झाली आणि मजुरी गेली. वाढलेला सारा तेवढा राहिला. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने या वाढीविरुद्ध चौकशी केली आणि अर्ज केले. सावकाराने हात आखडता घेतला तेव्हा शेतकऱ्यापाशी भरायला पैसा नव्हता आणि कर्ज काढायला पतही नव्हती.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर खाली करायला घेतले. देशमुख हे गावातले वजनदार माणूस. त्यांची ही गत झाली, तर इतरांचे काय, हा प्रश्न विचारायला कोणा पुढाऱ्याची गरज नव्हती. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी त्यांची हजामत करेना, पाणक्या पाणी भरेना, शेतात गडी जाईना. काठी उगारली गेली नाही आणि गाव सोडण्याची पाळी मात्र सावकारावर आली. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी असहकार नावाने जे देशभर गाजले, त्याची ही गावठी आवृत्ती होती असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरतो, कारण बहिष्कार हे जातपंचायतीचे फार जुने हत्यार आहे आणि ते गावाने दुबळ्यांवरही तितक्याच निष्ठुरपणे चालवलेले आहे. इथे ते प्रथमच वरच्या दिशेने वळले, हे खरे नवे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावचा बाजार होता. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या माणसांनी गुजर सावकारांची घरे आणि दुकाने फोडली आणि त्यांच्याकडे एकच वस्तू मागितली, ती म्हणजे कर्जाचे कागद. रोखे, हुकूमनामे, खतपत्रे बाहेर आली आणि जाळली गेली. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या बाजूंना हेच घडत गेले, आणि ज्याने कागद मुकाट्याने काढून दिले त्याला सहसा हात लावला गेला नाही. लूट काही ठिकाणी झाली, पण जीव घेण्याचे प्रकार जवळजवळ नव्हतेच, हे चौकशी आयोगालाही नोंदवावे लागले. संतापाने आंधळा झालेला जमाव समोर येईल ते जाळतो. या जमावाने निवड केली होती, आणि ती अचूक होती, कारण कोर्टात त्याला हरवणारी गोष्ट सावकार नव्हता, सावकाराच्या हातातला कागद होता. या निवडीचा काळा भागही सांगायला हवा. रोख परमुलखातून आलेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. गावातले जे ब्राह्मण आणि इतर सावकार तेच व्यवहार करत होते, ते बऱ्याच ठिकाणी सुटले. उपऱ्याला धरणे सोपे असते.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलाशाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत कोर्टाला रोख्यामागे जाऊन मूळ कर्ज किती, व्याज किती आणि फेडलेले किती, याचा इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करण्यावर बंदी आली. सुप्याच्या बाजारात ज्या गोष्टीसाठी आग लावली गेली, तीच गोष्ट, म्हणजे कागदाच्या आत पाहा, चार वर्षांनी कायद्याच्या कलमात आली. दुसरी अर्धी गोष्ट मात्र आली नाही. साऱ्याच्या ओझ्यामुळे शेतकरी सावकाराच्या दारी जातो का, या प्रश्नावर आयोगाचा एकंदर कल सरकारला मोकळे सोडण्याकडे होता. ऑकलंड कॉल्विन या सदस्याने वेगळे टिपण जोडले, पण धोरण त्याप्रमाणे वळले नाही. दोष सावकाराचा, राज्याचा नव्हे, हा निकाल राज्यकर्त्यांना परवडणारा होता आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतही ‘सावकारविरोधी दंगे’ या नावाने तोच निकाल पुढे चालत आला आहे.

फडके उभे राहिले ते याच जमिनीवर. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात नोकरी केलेला, सरकारचा पैसा कसा फिरतो हे आतून पाहिलेला हा माणूस १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगाव फिरला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्याच धामारीवर त्याने पहिला दरोडा घातला. सोबत रामोशी होते. उमाजींच्या फाशीला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती. फडक्यांच्या जाहीरनाम्यात मोठ्या पगाराच्या युरोपियन अधिकाऱ्यांचे पगार कमी करा, कर कमी करा, लोकांना काम मिळेल अशी सार्वजनिक बांधकामे काढा, अशा मागण्या होत्या. सशस्त्र बंडखोराचा हा मजकूर वाचून आश्चर्य वाटते, कारण तो एखाद्या अंदाजपत्रकावरच्या टीकेसारखा आहे. आपल्या रामोशी साथीदारांना ध्येयापेक्षा लुटीत रस आहे, अशी तक्रार फडक्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ती तक्रार खरीच असणार. पण ज्यांना दोन पिढ्यांमागे राखणदारीतून काढले आणि ज्यांच्या वाट्याला तेव्हापासून दुसरे कामच आले नाही, त्यांनी पगार कोठून आणायचा, हा प्रश्नही त्या लिखाणाच्या समासात उभा आहे. १८७९ च्या जुलैमध्ये फडके पकडले गेले. त्यांचे वकीलपत्र सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी यांनी घेतले, हे त्या काळी मोठे धाडस होते.

फडक्यांचे नाव राहिले, उमाजींचे उशिरा का होईना आले, राघोजींचे आता येत आहे. सुप्याच्या बाजाराला मात्र आद्य, मध्य किंवा अंत्य असे कोणतेच पद मिळालेले नाही. तिथे एक नेता नव्हता, एक जात नव्हती, फाशीचा दिवस नव्हता; त्यामुळे जयंती नाही आणि पुण्यतिथीही नाही. या चारांपैकी सरकारला कायदा बदलायला लावण्यात यश आले ते याच एका प्रसंगाला, आणि स्मरणाच्या आपल्या पद्धतीत नेमका तोच बसत नाही. आपण चेहरा असलेल्या विरोधाचाच इतिहास लिहितो, कारण चेहऱ्याचा पुतळा होतो.

हा केवळ इतिहासलेखनाचा मुद्दा नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अवैध सावकाराने कर्जापोटी लाटलेली जमीन, व्यवहाराला पंधरा वर्षे झालेली नसतील तर, चौकशी करून मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. नोंदणीकृत खरेदीखत समोर असतानाही त्याच्या मागचा व्यवहार कर्जाचा होता का, हे तपासण्याची ही तरतूद आहे, आणि १८७९ च्या कायद्याशी तिचे नाते उघड आहे. ज्या शेतकऱ्याने असा अर्ज करायचा, त्याला बहुधा हे ठाऊक नसते की खरेदीखताला अंतिम शब्द न मानण्याचा हा हक्क त्याच्या तालुक्यातल्या किंवा शेजारच्या तालुक्यातल्या माणसांनी एका बाजाराच्या दिवशी कागद जाळून आणि त्यापायी तुरुंगात जाऊन पहिल्यांदा मिळवला. शिरूर, बारामती, पारनेर आणि श्रीगोंद्याच्या शाळांत आद्य कोण हे शिकवण्याआधी त्या चार तालुक्यांतल्या मुलांना दामदुपट आणि तीन वर्षांचा रोखा फळ्यावर मांडून दाखवला, तर त्यातली कित्येक मुले घरातली खरेदीखते त्याच संध्याकाळी काढून बघतील.